प्रारंभीच्या हस्तनिर्मित स्पॅनिश गिटारींची कारागिरीवरून कर्तृत्वनिश्चिती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात १९१२ साली माद्रिदमध्ये तयार झालेली एक गिटार आहे. विख्यात स्पॅनिश वादक आन्द्रेस सेगोव्हिया यांनी ती १९३७ पर्यंत मैफलींतून वाजविली. १९८६ मध्ये त्यांच्या पत्नीने ती संग्रहालयास देणगी म्हणून दिली. या गिटारीच्या आतील लेबलवर मान्वेल रामिरेझ हे नाव छापलेले आहे. तथापि तिची प्रत्यक्ष बांधणी रामिरेझ यांच्या कारखान्यातील सांतोस हर्नांदेझ या कारागिराने केली, असे आज अभ्यासक मानतात. येथे लेबल बनावट नाही. कारखाना रामिरेझ यांचाच होता. तरीही ‘ही गिटार कोणी केली?’ या प्रश्नाचे उत्तर लेबलवरून मिळत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास ही परिस्थिती अपरिचित नाही. कागदावर ज्याचा शिक्का आहे तो आणि ज्याच्या हाताने मजकूर लिहिला तो, या दोन व्यक्ती पुष्कळदा वेगळ्या असतात. मराठ्यांच्या इतिहासाची साधने तपासताना कागद, शाई, मोडी अक्षराचे वळण आणि शिक्कामोर्तब यांची स्वतंत्रपणे परीक्षा करण्याची शिस्त इतिहासाचार्य राजवाडे यांच्या काळापासून आपल्याकडे रुजली आहे. वाद्य हेदेखील एक साधन आहे. मात्र ते अक्षरांत लिहिलेले नसून लाकडात लिहिलेले आहे. स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकात घडलेल्या अभिजात गिटारीच्या प्रारंभीच्या नमुन्यांचा कर्ता कारागिरीवरून कसा ओळखला जातो, त्या पुराव्यांची प्रतवारी कशी लावता येते आणि या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील गिटारीला तारांच्या सहा जोड्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जोड्या मागे पडून सहा एकेरी तारांची गिटार रूढ झाली. याच संक्रमणकाळात सेव्हिल व कादिझ या दक्षिणेकडील शहरांतील कारागिरांनी वाद्याच्या अंतर्रचनेत एक महत्त्वाचा बदल केला. गिटारीच्या वरच्या फळीला, म्हणजे सतारीच्या परिभाषेत ‘तबली’ला, आतून आधार देणाऱ्या पट्ट्या पूर्वी केवळ आडव्या बसविल्या जात. सेव्हिलचे फ्रान्सिस्को सांगिनो, तसेच कादिझचे ह्वान पाखेस आणि होसेफ बेनेदिद यांनी ध्वनिछिद्राच्या खालील भागात पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरत जाणाऱ्या पट्ट्या वापरल्या. पॅरिसमधील रने लाकोतसारखे निर्माते त्यानंतरही आडव्या पट्ट्यांचीच पद्धत वापरत होते. लंडनमध्ये लुई पानोर्मो (१७८४–१८६२) याने मात्र पंख्याची रचना उचलली आणि स्पॅनिश पद्धतीच्या गिटारी बनविणारा आपण एकमेव निर्माता आहोत, अशी जाहिरात आपल्या लेबलवरच केली.

या परंपरेला आधुनिक स्वरूप देणारा कारागीर म्हणजे आन्तोनियो दे तोरेस हुरादो. त्याचा जन्म १३ जून १८१७ रोजी आल्मेरियाजवळील ला कान्यादा दे सान उर्बानो येथे झाला. मूळचा तो सुतार. पुढे सेव्हिल येथे त्याने गिटारनिर्मिती आरंभिली. ह्वलियान आर्कास या वादकाशी त्याचा निकटचा संबंध होता. १८५६ ची ‘ला लेओना’ ही त्याची गिटार प्रसिद्ध आहे. १८५८ च्या सेव्हिल प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. १८६९ नंतर त्याने हे काम थांबवून आल्मेरिया येथे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालविले आणि १८७५ च्या सुमारास तो पुन्हा गिटारनिर्मितीकडे वळला. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी त्याचे निधन झाले.

पंख्याची रचना तोरेसने शोधली नाही, ही बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्याने वाद्याचा आकार वाढविला, तबली पातळ ठेवून तिला किंचित घुमटाकार दिला, सामान्यतः सात पट्ट्यांची सममित मांडणी केली आणि हे सर्व घटक परस्परांशी जुळवून घेतले. तारेची सुमारे ६५० मिलिमीटर लांबी त्याच्यानंतर प्रमाणभूत ठरली. त्याचा प्रभाव इतका व्यापक झाला की पुढील पिढ्यांनी त्याचेच आराखडे गिरविले. कर्तृत्वनिश्चितीची मुख्य अडचण येथूनच सुरू होते. ज्याचे अनुकरण सर्वाधिक झाले, त्याचे मूळ काम वेगळे काढणे सर्वांत कठीण असते.

लेबल : आवश्यक, परंतु अपुरा पुरावा

गिटारीच्या पाठीच्या फळीला आतून चिकटविलेले कागदी लेबल ध्वनिछिद्रातून सहज वाचता येते. तोरेसच्या पहिल्या कालखंडातील लेबलांवर सेव्हिलमधील पत्ता व वर्ष आढळते. दुसऱ्या कालखंडातील लेबलांवर ‘दुसरे पर्व’ असा उल्लेख आणि अनुक्रमांक असतो. स्वतः गिटारनिर्माते असलेले होसे लुईस रोमानिल्योस (१९३२–२०२२) यांनी १९८७ मध्ये तोरेसचे चरित्र व त्याच्या उपलब्ध गिटारींची सूची प्रसिद्ध केली. त्यांनी वाद्यांचे पहिले पर्व व दुसरे पर्व असे दोन गट पाडले, आणि तेच वर्गीकरण आज सर्वत्र वापरले जाते. तोरेसने तीनशेहून अधिक गिटारी बांधल्या असाव्यात, असा रोमानिल्योस यांचा अंदाज आहे. ज्ञात नमुने त्या मानाने फारच थोडे आहेत.

लेबलवर विसंबता न येण्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण बनावटगिरी. तोरेसच्या नावाला मोल आल्यावर त्याचे लेबल दुसऱ्याच्या गिटारीत चिकटविणे लाभदायक ठरले, आणि कागदाचा एक तुकडा छापून घेणे हे गिटार बांधण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. दुसरे कारण कारखान्याची व्यवस्था. मान्वेल रामिरेझ (१८६४–१९१६) यांच्या हाताखाली सांतोस हर्नांदेझ, दोमिंगो एस्तेसो आणि मोदेस्तो बोर्रेगेरो हे कारागीर काम करीत; वाद्य मात्र मालकाच्या नावाने विकले जाई. रामिरेझ यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विधवा पत्नीच्या नावाने दुकान चालले, तेव्हाच्या काही लेबलांवर कारागिराची आद्याक्षरे उमटलेली आढळतात. एरवी अदृश्य राहणारा हात तेथे क्षणभर उजेडात येतो. तिसरे कारण दुरुस्ती. दुरुस्तीसाठी वाद्य उघडले असता जुने लेबल फाटते, हरवते किंवा त्याशेजारी दुरुस्ती करणाऱ्याचे लेबल लागते. म्हणून लेबल हा तपासाचा आरंभ मानावा, निष्कर्ष नव्हे.

हाताची खूण : अंतर्भागाचा पुरावा

तोरेसचाच समकालीन असलेला इटालियन कलासमीक्षक जोव्हान्नी मोरेल्ली (१८१६–१८९१) याने चित्रांचा कर्ता ठरविण्यासाठी एक पद्धत मांडली. चित्राची एकंदर मांडणी किंवा चेहऱ्यावरील भाव यांचे अनुकरण शिष्य व नकलाकार सहज करतात. परंतु कानाची पाळी, नखे यांसारखे गौण तपशील चित्रकार सवयीने, फारसा विचार न करता काढतो, आणि तेथेच त्याची ओळख राहते. इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९ मधील आपल्या निबंधात या पद्धतीकडे खुणांवरून ज्ञान मिळविण्याची एक व्यापक रीत म्हणून लक्ष वेधले. गिटारीच्या बाबतीत हे तत्त्व विशेष लागू पडते, कारण ग्राहकाच्या दृष्टीस कधीच न पडणारा असा मोठा अंतर्भाग या वाद्याला असतो.

बाह्य लक्षणांचे मूल्य त्या मानाने मर्यादित आहे. वाद्याच्या शिराचा आकार ही निर्मात्याची जाहीर खूण असते. तोरेसच्या शिरावरील तीन कमानी प्रसिद्ध आहेत. पण जे प्रसिद्ध असते त्याचीच नक्कल प्रथम होते. वाद्याची बाह्यरेषा साच्यावरून आखली जाते आणि साचा एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ध्वनिछिद्राभोवतीची नक्षी अधिक बोलकी असते. रंगीत लाकडाच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून त्या जुडीचे पातळ काप काढले जातात. एकाच जुडीचे काप दोन गिटारींत आढळले, तर त्या दोहोंचा उगम एका कारखान्यात असल्याचा तो सबळ पुरावा होय. मात्र तयार नक्षी विकत घेण्याची प्रथाही होती, याचे भान ठेवावे लागते.

खरी परीक्षा ध्वनिछिद्राच्या आत सुरू होते. दंतवैद्य वापरतात तसा छोटा आरसा, दिवा आणि अलीकडच्या काळात एंडोस्कोप व क्ष-किरण चित्रण यांच्या साहाय्याने पुढील बाबी तपासल्या जातात.

प्रथम पाहावयाची बाब म्हणजे दांडी व धड यांचा सांधा. स्पॅनिश परंपरेत दांडीचे खालचे टोक धडाच्या आत शिरते, त्यातच खाचा पाडून बाजूच्या फळ्या बसवितात आणि तबली खाली ठेवून तिच्यावर सगळे वाद्य उभारतात. मध्य व उत्तर युरोपात धड स्वतंत्र तयार करून दांडी नंतर जोडण्याची रीत प्रचलित होती. हा फरक व्यक्तीचा नसून परंपरेचा आहे. त्यामुळे त्यावरून कर्ता सिद्ध होत नसला, तरी पुष्कळ दावे एका दृष्टिक्षेपात बाद करता येतात.

दुसरी बाब म्हणजे तबली व बाजूची फळी जोडणारे लाकडी ठोकळे. स्पॅनिश कारागीर हे लहान ठोकळे एकेक करून सरसाने चिकटवीत असे. असे अनेक ठोकळे एका वाद्यात असतात. त्यांची रुंदी, त्यांमधील अंतर, कडा मोडण्याची रीत, ते पटाशीने कापले की करवतीने, या गोष्टी कोणताही कारागीर प्रत्येक वेळी विचारपूर्वक ठरवीत नाही. हात आपोआप चालतो. म्हणून हे ठोकळे हस्ताक्षराच्या वळणासारखे असतात.

तिसरी बाब म्हणजे पंख्याच्या पट्ट्या. त्यांची संख्या व कोन यांची नक्कल करता येते. तोरेसच्या स्वतःच्या लहान गिटारींत सातऐवजी पाच पट्ट्याही आढळतात. म्हणून केवळ मोजणीने काही सिद्ध होत नाही. पट्टीचा छेद कसा आहे, तिची टोके किती लांबपर्यंत निमुळती केली आहेत, रंध्याचे व पटाशीचे ओरखडे कोणत्या दिशेने जातात, ओघळलेला सरस पुसला आहे की तसाच वाळू दिला आहे, हे पाहिले पाहिजे.

चौथी बाब तबलीच्या जाडीची. काही कारागीर संपूर्ण तबली एकसारखी ठेवतात. तोरेस ती कडांकडे पातळ करीत असे. त्याच्या परिचयातील ह्वान मार्तीनेझ सिर्व्हेंत या धर्मगुरूने नंतर एका पत्रात एक आठवण नमूद केली आहे. गिटारीच्या रहस्याविषयी विचारले असता तोरेसने आपला अंगठा व तर्जनी दाखवून, तबली नीट झाली की नाही हे बोटांच्या स्पर्शावरून कळते आणि हे ज्ञान मागे ठेवता येत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. ही आठवण उत्तरकालीन असल्याने जपूनच वापरावी लागते. तरीही तिच्यातील तत्त्वाला प्रत्यक्ष वाद्यांचा आधार आहे. १८६२ मध्ये तोरेसने पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या ठेवून केवळ तबली लाकडाची असलेली गिटार बांधली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ध्वनीचे मर्म तबलीत आहे, हे त्याचे मत त्याने लेखाने नव्हे तर प्रयोगाने मांडले.

या चारही बाबींत एक सूत्र दिसते. आराखडा शिकता येतो, मोजमापे उतरवून घेता येतात. परंतु शेकडो लहान कृतींमध्ये सातत्याने दुसऱ्याच्या सवयी पाळणे जवळपास अशक्य असते. म्युनिकच्या हेर्मान हाउझर (१८८२–१९५२) यांनी सेगोव्हिया यांची रामिरेझ गिटार अभ्यासून स्पॅनिश रचना आत्मसात केली आणि १९३७ मध्ये सेगोव्हिया यांच्यासाठी विख्यात गिटार बांधली. तीही आता मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हाउझर यांनी स्पॅनिश आकृती स्वीकारली, पण नाव स्वतःचेच घातले. म्हणून अनुकरण आणि बनावटगिरी यांतील फरक केवळ आकृतीवरून ठरत नाही.

लाकूड, सरस व पॉलिश : काळाचा पुरावा

कारागिरीवरून हात ओळखता येतो, द्रव्यांवरून काळाची मर्यादा ठरविता येते. तबलीसाठी वापरलेल्या स्प्रूस लाकडाच्या वार्षिक वलयांची जाडी ज्ञात वलयमालिकांशी जुळवून सर्वांत अलीकडचे वलय कोणत्या वर्षाचे, हे काढता येते. झाड त्यापूर्वी तोडलेले असणे शक्य नाही; त्यानंतर किती वर्षांनी वाद्य झाले, हे मात्र वलये सांगत नाहीत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील ‘मसाया’ या १७१६ च्या स्त्रादिवारी व्हायोलिनविषयी विसाव्या शतकाच्या अखेरीस शंका उपस्थित झाली, तेव्हा वलयमापनातून शेवटचे वलय १६८० च्या दशकातील असल्याचे निष्पन्न झाले. ते व्हायोलिन एकोणिसाव्या शतकातील नक्कल असावे, या शंकेचा जोर त्यामुळे ओसरला. परंतु ते स्त्रादिवारीनेच केले, हे वलयांनी सिद्ध केले नाही. त्यासाठी पुन्हा कारागिरीकडेच वळावे लागते.

पाठीच्या व बाजूंच्या लाकडाची साक्षही विचारात घेतली जाते. स्पॅनिश कारागीर सायप्रस, मेपल आणि ब्राझीलची शिसव वापरीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यानंतर गिटारनिर्मात्यांनी मोठ्या प्रमाणावर भारतीय शिसवीचा आश्रय घेतला. सह्याद्रीच्या जंगलांत वाढणारी आणि मराठी घरांतील जुन्या फर्निचरमुळे परिचित असलेली ही शिसव आज जगभरच्या अभिजात गिटारींत आढळते. १९९२ पासून ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ करारान्वये जवळपास बंद झाला. त्यामुळे लाकडाची जात ही काळाची एक सूचक खूण ठरते. मात्र भारतीय शिसव युरोपात त्याआधीही पोहोचत असल्याने तिला निर्णायक मानता येत नाही.

पॉलिशच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकातील गिटारींवर लाखेचे पॉलिश असे. नायट्रोसेल्युलोजचे लेप १९२० च्या दशकापासून प्रचारात आले. अतिनील प्रकाशात हे लेप वेगवेगळ्या छटांनी चमकतात. पण तोरेसच्या गिटारीवर आधुनिक लेप आढळला, तर ती बनावट ठरत नाही; तिला नंतर कोणीतरी पॉलिश केले, एवढेच सिद्ध होते. तारा ताणण्याची यंत्रे, घोडी व पडदे यांनाही हेच लागू आहे. सर्वांत वरचा थर वाद्याचा जन्म सांगत नाही, शेवटची दुरुस्ती सांगतो. याउलट मूळ पट्टीच्या सांध्यात कृत्रिम गोंद आढळला, तर एकोणिसाव्या शतकाचा दावा गंभीरपणे डळमळतो, कारण त्या काळी सांधे प्राणिज सरसानेच जोडले जात.

दुरुस्ती आणि पुराव्याचा नाश

सरसाने जोडलेला सांधा उष्णता व ओलावा देऊन उकलता येतो. त्यामुळे गिटार दुरुस्त करणे सोपे होते आणि त्यामुळेच तिचा पुरावा नष्ट होणेही सोपे होते. वादकाला वाद्य वाजते हवे असते. त्यासाठी तडकलेली तबली आतून तासली जाते, जुन्या पट्ट्या काढून नव्या बसविल्या जातात, ठोकळे स्वच्छ केले जातात. सहा जोड्यांच्या जुन्या गिटारींच्या शिरावरील बारा भोकांपैकी निम्मी बुजवून त्यांचे सहातारी वाद्य करण्यात आले. प्रत्येक कृती त्या वेळी उपयुक्तच होती. परंतु ज्या खुणांवरून कर्ता ओळखता आला असता, नेमक्या त्याच खुणा रंध्याखाली गेल्या.

त्यात व्यापाराचा प्रश्न मिसळतो. वाद्याचा कर्ता ठरविणारी तज्ज्ञ व्यक्ती पुष्कळदा स्वतः विक्रेता, संग्राहक किंवा दुरुस्ती करणारा कारागीर असते. तिच्या मतावर वाद्याची किंमत ठरते. अशा मताची कारणे जाहीर केलेली नसतील, तर ते मत म्हणजे दुसरे एक लेबलच होय. रोमानिल्योस यांच्या सूचीचे महत्त्व येथे ध्यानात येते. वाद्यांची वर्णने व मोजमापे तुलनेसाठी छापून त्यांनी इतर अभ्यासकांना आपल्या निर्णयांची फेरतपासणी करण्याची सोय करून दिली.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. लेबल हे वाद्याविषयीचे विधान आहे, पुरावा नव्हे. त्याची पडताळणी वाद्याच्या शरीरावरूनच व्हावी लागते. बाह्य लक्षणांपेक्षा अंतर्भागातील, दाखविण्यासाठी न केलेल्या कामाला अधिक मूल्य आहे. द्रव्यांच्या परीक्षणाने अशक्य दावे खोडता येतात, कर्ता सिद्ध करता येत नाही. कर्तृत्वनिश्चिती एका लक्षणावर नव्हे, तर ज्ञात नमुन्यांशी अनेक लक्षणांच्या सातत्यपूर्ण जुळणीवर आधारलेली असावी. जतन करताना वाजते वाद्य आणि ऐतिहासिक साधन या दोन्ही भूमिकांचा विचार व्हावा, आणि कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी अंतर्भागाची संपूर्ण नोंद घेतली जावी.

हा प्रश्न केवळ संग्राहकांच्या जिज्ञासेचा नाही. राजे, सेनापती व ग्रंथकार आपल्यामागे कागद ठेवून जातात. हाताने काम करणाऱ्या बहुसंख्य माणसांनी स्वतःविषयी लिहिलेली एक ओळही मागे राहत नाही. सांतोस हर्नांदेझ यांच्यासारख्या कारागिराचे काही काम मालकाच्या नावाखाली जगाला माहीत झाले. त्यांनी लावलेले ठोकळे व तासलेल्या पट्ट्या हाच त्यांचा दस्तऐवज आहे. तो वाचण्याची पद्धत जितकी काटेकोर होईल, तितका कारागिरांचा इतिहास लेबलांच्या इतिहासातून मुक्त होईल.